डबीवरचं नाव

३ मार्च

ठमे,

पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलं असशीलच. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच आणि मग फाड. बापाला एवढी सवलत मिळावी.

सात वर्षांनी लिहितोय. तुझा फोन नंबर बदलला, आणि नवा मागायला मला तोंड नव्हतं. हा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. मिळाला. शिवाय पत्राचं एक बरं असतं, माणूस मधेच फोन ठेवून देऊ शकत नाही.

काटे दुरुस्तीचं दुकान मी तीन वर्षांपूर्वी बंद केलं. कामाचं टेबल, चिमटे, वजनांची पेटी, सगळं उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. लोक म्हणाले, आता आराम करा. पण औषधवाले आणि सोनार अजून माझ्याकडेच काटे पाठवतात. नव्या पोरांना बटणांचे काटे कळतात, पण पारड्याचा काटा हातावर घेऊन रुसलाय की दमलाय ते ओळखणारा आता मीच उरलोय. बढाई नाही, खरं तेच सांगतो.

तब्येत एकदम ठणठणीत. अगं, तीन मजले एका दमात चढतो. पहाटे आपोआप जाग येते, आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा दिवा लागायच्या आत माझा केर काढून झालेला असतो. (या बाई तू गेल्यावर राहायला आल्या. चाळीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झाल्यात. आवाज अजून वॉर्डातलाच आहे.) पोट पार गेलं. एकाहत्तर किलोचा होतो, काल सदुसष्ट भरलो. या वयात लोक सुटतात, मी शिडशिडीत होतोय. पँटीला दोऱ्या बांधाव्या लागतात, एवढीच काय ती गैरसोय.

एक विचारायचं होतं. ते समुद्रातल्या शेवाळाचं तुझं काम नेमकं काय आहे? मला समजेल अशा भाषेत लिही. पूर्वी कधी विचारलं नाही. तू सांगायला लागलीस की मी वर्तमानपत्र उघडायचो, हे मला आठवतं. तुलाही आठवत असणारच.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण चालणार नाही.

बाबा


२६ मार्च

ठमे, माझे बाई,

अडीच पानं! पोस्टमनला मी जिन्यातच मिठी मारणार होतो, तो घाबरून दोन पायऱ्या मागे सरकला.

पहिलं अर्धं पान अगदी सरकारी होतं. "मी बरी आहे. काम चालू आहे." मग अळ्या आल्या आणि तुझं अक्षर पळायला लागलं. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर न उतरवता बोलायचीस ना, तसंच.

मला काय कळलं ते लिहितो, चुकलं तर कान धर. एक मिलिमीटरची अळी. तिचं सगळं आयुष्य तीन आठवड्यांचं. बाराव्या दिवसाच्या सुमाराला ती म्हातारी होते, हलेनाशी होते. काही अळ्यांना तुम्ही तपकिरी शेवाळाचा अर्क दिला. त्या काही जास्त जगल्या नाहीत, पण शेवटपर्यंत वळवळत राहिल्या. कारण पेशींच्या आत रोज कचरा साठतो, तो काढायची सोय त्यांच्यातच असते, आणि वय झालं की ती सुस्तावते. अर्काने ती जरा जागी राहते. म्हणजे आयुष्य तेवढंच, पण अंथरुणावर पडून राहायचे दिवस कमी. बरोबर?

ठमे, हे तर फार मोठं काम आहे गं! आणि मी म्हणायचो, पोरगी किडे मोजत बसते.

तू एक वाक्य दोनदा अधोरेखित केलंयस. "हे सगळं अळ्यांमध्ये. माणसात काय होतं ते अजून कोणालाच माहीत नाही." वाचलं. तुम्हा लोकांना असं सावध बोलावंच लागत असेल. पण कुणाला तरी थोडंफार माहीत असेलच की.

इकडे सगळं ठीक. सोनाराचा छोटा काटा आलाय, तो तेवढा त्रास देतोय. चिमट्यात दहा मिलिग्रॅमचं वजन धरलं की ते पारड्यापर्यंत पोचायच्या आत थरथरतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. नर्सबाई काल म्हणाल्या, "काटेवाले, तुम्ही वाळत चाललायत. डोळेही मला बरे दिसत नाहीत." मी म्हटलं, "बाई, तुम्हाला निरोगी माणूस बघायची सवयच नाही." त्या हसल्या नाहीत.

पुढच्या पत्रात तुझ्या खोलीबद्दल लिही. खिडकी कुठल्या बाजूला आहे? जेवतेस कुठे? असलं लिही. अळ्या पुरे.

बाबा


११ एप्रिल

ठमे,

आखूड पत्र आहे, रागावू नकोस. हात जरा कामात आहेत. पाकिटावरचं अक्षर नर्सबाईंचं आहे, कारण माझ्या हाताला शाई लागली होती.

तुझी खिडकी पूर्वेला हे वाचून बरं वाटलं. माझ्या खिडकीतून सध्या नुकतीच रंगवलेली भिंत दिसते. रंग चांगला आहे, फिकट हिरवा. इथे माणसांची ये-जा भरपूर आहे, करमतं.

तुझ्या कामाला कोणी नावं ठेवतं का गं? म्हणजे एखाद्या ठिकाणी काही उलटं झालं, तर दोष तुझ्यावर येतो का? सहज विचारलं.

बाबा


१९ एप्रिल

ठमे,

आधीच्या पत्रातलं सगळं खोटं होतं. भिंत तेवढी खरी, पण ती इस्पितळाची. आजही तिच्यासमोरच बसून लिहितोय. आता मी बरा आहे, हे आधी वाच, दोनदा वाच, आणि मगच पुढे जा.

सुरुवातीपासून सांगतो. डिसेंबरात औषधवाल्याचा काटा पोचवायला गेलो होतो. त्याच्या फळीवर हिरव्या डब्या होत्या. "सागरी शेवाळ. निरोगी वार्धक्यासाठी." मी असल्या गोष्टींना हात लावणारा नव्हे. पण त्याने डबीतला कागद उलगडून दाखवला, "काका, हे तुमचंच आडनाव ना?" तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की अमुक संस्थेतल्या संशोधनावर आधारित, आणि पुढे तुझं नाव. पूर्ण नाव. माझंही त्यात मधे.

दुकानात उभं राहून मी ते किती वेळा वाचलं काय सांगू. तू लग्नानंतरही नाव बदललं नव्हतंस हे तेव्हा कळलं. लग्न झालंय हेसुद्धा मावशीकडून उडत उडत कळलं होतं. तुझा पत्ताही त्याच कागदावरचा.

तर मी गोळ्या घ्यायला लागलो. रोज दोन, डबीवर लिहिल्याप्रमाणे. मला म्हातारपणाची धास्ती नव्हती गं. सकाळी डबी उघडली की तुझं नाव समोर यायचं, एवढंच. वाटायचं, पोरीने आपल्यासाठी काहीतरी पाठवलंय.

वजन उतरलं, झोप उडाली, हात थरथरायला लागले. मी समजत होतो की तरुण होतोय. एप्रिलच्या पाच तारखेला जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर छातीत कबुतर कोंडल्यासारखं झालं. फडफड, फडफड, मग थांबलं, पुन्हा फडफड. बसलो तो उठता येईना. नर्सबाईंनी नाडी धरली, आणि सरळ गाडी बोलावली.

इथली डॉक्टर लहानशी मुलगी आहे, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी धाकटी. तिने सांगितलं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी खवळलीय, त्याने हृदयाचे ठोके बिघडलेत. मग विचारलं, "आजोबा, घरी काही घेता का? काढा, पावडर, ताकदीच्या गोळ्या?"

"नाही."

"आठवून सांगा. तुमच्या लघवीत आयोडीन इतकं जास्त आलंय की ते नुसत्या जेवणातून येणं शक्य नाही."

"मी साधा माणूस आहे. डाळभात न मिळाला तर ब्रेड खाणारा."

तिने औषधं सुरू केली. ठोके ताळ्यावर येईनात. चौथ्या दिवशी पुन्हा तपासलं, आयोडीन तेवढंच. ती बिचारी कपाळाला हात लावून उभी. म्हणाली, "हे येतंय तरी कुठून?"

कुठून म्हणजे, माझ्या चष्म्याच्या डबीतून. ठमे, मी इस्पितळातही घेत होतो. रोज सकाळी चष्मा पुसायच्या निमित्ताने दोन गोळ्या.

तुला वाटेल म्हातारा खुळा झाला. पण माझं गणित सरळ होतं. गोळीवर तुझं नाव. गोळीने काही झालं असं मी म्हटलं, की बोट तुझ्याकडे. आणि बंद केली तर मीच मान्य केल्यासारखं होतं की गोळीत खोट आहे. एकदा तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. पुन्हा तेच करायचं नव्हतं.

परवा नर्सबाई डबा घेऊन आल्या. मी डुलकी घेत होतो. त्यांनी माझा चष्मा पुसून ठेवावा म्हणून डबी उघडली. जाग आली ती त्यांच्या गप्प बसण्याने. ही बाई गप्प बसली की समजायचं, काहीतरी मोठं घडलंय. त्यांनी उठून माझ्या खाटेभोवतीचा पडदा ओढला.

"हे काय आहे?"

"बाई, हळू बोला. डॉक्टरला सांगू नका. माझ्या मुलीचं आहे ते."

"मुलीने पाठवलं?"

"नाही. तिचं नाव आहे त्याच्या कागदावर. तिची बदनामी होईल."

त्यांनी कमरेवर हात ठेवले. "काटेवाले, चाळीस वर्षांत मी पुष्कळ गाढवं पाहिली. पण मुलीच्या नावासाठी मरायला निघालेलं हे पहिलंच. उद्या तुम्ही गेलात, आणि मग ही डबी सापडली, तर त्या पोरीने काय करायचं? बाप मेला तोही आपल्या नावाची गोळी खाऊन! ही भेट देताय तिला?"

मला रडू आलं. त्यांनी पदर पुढे केला नाही, पाण्याचा पेला पुढे केला. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मीच सांगितलं. डॉक्टर मुलगी रागावली नाही, खुर्ची ओढून बसली. तिने गोळ्या काढून घेतल्या. आता काही आठवडे लागतील, पण पाणी उतरतं तसं अंगातलं आयोडीन हळूहळू उतरेल म्हणते. ठोके आजच जरा शहाणे झालेत.

तुझ्या नावाचं काय होणार ते मला माहीत नाही. तुला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. नर्सबाईंचा फोन नंबर खाली लिहितो. त्या माझ्यापेक्षा नीट सांगतील.

बाबा


८ मे

ठमे,

तुझा फोन आला तेव्हा मी लोकांसारखं काहीतरी बोलायला हवं होतं. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तोंडातून निघालं काय, तर "जेवलीस का?" आणि तू सकाळी साडेनऊला रडत रडत "हो" म्हणालीस.

मग जे ओरडलीस ते अजून कानात आहे. "बाबा, अळ्या! मी तुम्हाला लिहिलं होतं, अळ्या! आमच्या अर्कातलं आयोडीन आम्ही काढून टाकतो. ती माणसं अख्खं शेवाळ वाळवून कुटून भरतात, आणि माझं नाव लावतात. मला विचारलंसुद्धा नाही त्यांनी." तू त्यांना दोनदा लिहिलंस, त्यांनी दाद दिली नाही, आणि त्रास झालेला एकही माणूस पुढे येत नव्हता. हे सगळं तू सांगत होतीस आणि मी खाटेवर ताठ होत होतो. म्हणजे मी ज्यांना वाचवत होतो ते भलतेच निघाले!

तेव्हा फोनवर मी एक गोष्ट दडवली, ती आता सांगतो. गोळ्यांत खोट आहे हे मला जानेवारीतच कळलं होतं. सवयीने मी दुसऱ्या डबीतल्या साठही गोळ्या माझ्या बारीक काट्यावर ठेवून बघितल्या. एक चारशे ऐंशी मिलिग्रॅम, तर शेजारची सातशे दहा. एकाच डबीत! एखाद्या औषधवाल्याचा काटा एवढा खोटा निघाला असता तर मी त्याच्या दुकानाची पायरी सोडली असती. इथे वजनं लिहिलेली वही मिटली आणि कपाटात ठेवली. का, तर तुझं नाव. जन्मभर लोकांच्या पारड्यातला केसाएवढा फरक पकडला, आणि हा ढळढळीत दिसत असून डोळे मिटले. या गोष्टीची मला गोळ्या खाल्ल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

म्हणून घरी सोडल्यावर तक्रार दिली, आणि काल तिच्या सुनावणीला औषध तपासणीच्या कार्यालयात वही घेऊन गेलो. नर्सबाई सोबत होत्या, मला बोलू देत नव्हत्या. कंपनीकडून एक चकचकीत बुटांचा गृहस्थ आला होता. तो फार गोड बोलला. "आजोबा, कधी विसरून चार घेतल्या असतील. या वयात होतं असं."

मी म्हटलं, "साहेब, या वयात विसरायला होतं, मोजायला चुकत नाही." आणि वही टेबलावर ठेवली. तपासणी अधिकारी बाईंनी दोन पानं उलटली, मग स्वतःचा काटा मागवला, आणि माझ्याकडच्या उरलेल्या गोळ्यांतल्या वीस समोरच तोलल्या. बुटवाला त्यानंतर वयाबद्दल बोलला नाही.

तपासणी होईपर्यंत डब्या फळीवरून उतरवायच्या, आणि कागदावरून तुझं नाव काढायचं, असा हुकूम झाला. तुझं नाव काढा, या अर्जावर मीच सही केली. आधी ते नाव पुन्हा एकदा वाचलं.

ठमे, आता आईबद्दल. हे मी सात वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तू मला म्हणालीस, "बाबा, केमोची अजून एक फेरी नको. उपयोग होणार नाही. आपण आईला घरी नेऊ." आणि मी चार लोकांत ओरडलो, की तुला तुझी आई म्हणजे काचेच्या नळीतला नमुना वाटते, निघ इथून. मग ती फेरी झाली, आणि अकरा दिवसांनी आई तिथेच गेली, नळ्यांमध्ये.

तू सांगितलंस त्याच्या आदल्या दिवशी तिनेच मला सांगितलं होतं. माझं मनगट धरून म्हणाली, "मला घरी न्या हो. आपल्या खोलीत झोपायचंय." मी म्हटलं, बरी हो, मग नेतो. दुसऱ्या दिवशी तू तेच बोललीस, शब्द सोडले तर अगदी तेच, आणि मला ते दोघींकडून ऐकवलं नाही. तिच्यावर ओरडता येत नव्हतं, म्हणून तुझ्यावर ओरडलो. तू आकडे सांगितलेस म्हणून तुला निर्दय म्हटलं. निर्दय मी होतो. तिची शेवटची मागणी मीच गिळली, आणि सात वर्षं तुला वाटत राहिलं की बाबा तुझ्या शास्त्रावर रागावलाय.

तू बरोबर होतीस. तू तिच्याच बाजूने बोलत होतीस आणि तुला ते माहीतही नव्हतं.

हे वाचून तुला पुन्हा बोलावंसं वाटलं नाही तर मी समजेन. समजेन म्हणजे, समजायचा प्रयत्न करेन.

बाबा


२ जून

ठमे,

तू परत पोचल्याचा फोन नर्सबाईंना आधी केलास, मला नंतर. तुमची ही नवी युती माझ्या लक्षात आलीय.

चार दिवस घर भरलेलं होतं. आल्या आल्या तू माझ्या फळीवरच्या सगळ्या बाटल्या वास घेऊन फेकल्यास, त्यात माझं यंत्राचं तेलही गेलं. तुझा नवरा भला माणूस आहे. दोन तास मला पारड्यांबद्दल विचारत बसला, आणि त्याला खरंच कळत होतं. मग म्हातारपणासाठी तुझ्या शास्त्राने सिद्ध झालेलं तेवढं सांग म्हणून मी मागे लागलो, तर तू म्हणालीस, "चाला, झोपा, माणसांत बसा." मी म्हटलं, एवढ्यासाठी वीस वर्षं शिकलीस? तेव्हा किती दिवसांनी हसलीस.

आईचा विषय तू तीन दिवस काढला नाहीस. मी वाट बघत होतो, आणि घाबरतही होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तू आतल्या खोलीत गेलीस. बऱ्याच वेळाने डोकावलो, तर पलंगावर आईच्या बाजूला तू आडवी झाली होतीस, तिच्यासारखीच भिंतीकडे तोंड करून. मी परत फिरत होतो, तेवढ्यात तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही तिला काय उत्तर दिलं होतं?"

"बरी हो, मग नेतो, असं म्हटलं."

तू चादरीवरची सुरकुती हाताने सरळ केलीस. मग म्हणालीस, "तिला ते खरं वाटलं असेल ना?"

मी म्हटलं, "वाटलं असेल. माझं सगळं तिला खरं वाटायचं." मग तू उठून जवळ आलीस. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाहीस, आणि ते बरंच केलंस. असल्या गोष्टी तोंडाने होत नाहीत.

आज दुपारी मी काटा बाहेर काढला, सोनाराचा. हात स्थिर आहे. वजन एकोणसत्तर. डॉक्टर मुलगी खूश आहे. औषध अजून सहा महिने घ्यायचं आहे, आणि ते मी नर्सबाईंसमोर घेतो, पुराव्यासह.

एक सांगायचं राहिलं. स्टेशनवर गाडी लागली तेव्हा तू माझा हात धरलास. मला वाटलं निरोपाचा. मग बघतो तर तुझी बोटं माझ्या मनगटावर, आणि नजर फलाटाच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर. माझी नाडी मोजत होतीस, तेही मला कळू न देता. मी उगाच गाडीकडे बघत राहिलो. सेकंदकाट्याचा एक पूर्ण फेरा झाला. मोजून झालं. गाडीने शिट्टी दिली, जावईबापूंनी दारातून हाक मारली.

तरी तू हात सोडला नव्हतास.

बाबा